हात लावण्याआधी

आमच्या आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजीच्या वर्गात सकाळी पहिला वास येतो तो दुखण्यावरच्या मलमाचा. वॅक्स नंतर तापतं. वर्गातल्या बऱ्याच मुली पहाटे ग्राउंड मारून आलेल्या असतात. पिंढऱ्या भरून आलेल्या, पिशवीत कंगवे-क्लिपांच्या शेजारी मातीने माखलेले बूट. फॉर्म टाकलाय पोलीस भरतीचा आणि प्रवेश घेतलाय पार्लरच्या ट्रेडला. दोन्ही अगदी मन लावून.

मी इथे तासिका तत्त्वावर 'एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स' शिकवते. वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे आणि उरलेले १२० माझे. मुलींच्या लेखी माझा तास म्हणजे पाय पसरून बसायची सोय. माझी त्याला हरकत नाही. पाय पसरले की माणसं बोलतात.

या दोन गोष्टी एकाच मुलीच्या डोक्यात कशा नांदतात, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. मुलींना त्यात काही विशेष वाटत नाही. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते, हा आकडा त्यांना तोंडपाठ आहे. एका जागेमागे शंभर जण. त्यामुळे 'लागलं तर वर्दी, नाहीतर पार्लर' हे गणित घराघरात मांडलेलं असतं. बारावी झालेली, घरातून दोन वर्षांची मुदत मिळालेली, आणि त्या मुदतीत हाताला काहीतरी लागायलाच हवं.

ग्राउंड म्हणजे ५० गुण. मुलींना ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि चार किलोचा गोळा. उंची १५५ सेंटिमीटर हवी. ज्यांची १५४ च्या आसपास रेंगाळते त्या पहाटे बारला लटकतात आणि मोजणी सकाळी व्हावी म्हणून देवाला साकडं घालतात, कारण झोपेतून उठल्यावर माणूस थोडा लांब असतो आणि दिवसभरात दबत जातो. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, अकॅडमीतल्या मुलींकडून कानोकानी आलेलं आहे, आणि खरं आहे. ग्राउंड निघालं की लेखी. शंभर गुणांची, दीड तासाची. अंकगणित, बुद्धिमत्ता, चालू घडामोडी, मराठी व्याकरण. प्रयोग ओळखा, समास सोडवा. रडत आलेल्या बाईशी पहिलं वाक्य काय बोलावं, याला एकही गुण नाही. ते पुढे प्रशिक्षणात येतं म्हणतात. असेलही.

घरी मात्र दोन्ही स्वप्नांना सारखा मान नाही. मुलगी भरती झाली तर चौकात बॅनर लागतो, सत्कार होतो, फेटा बांधतात. तीच मुलगी ट्रेडमध्ये पहिली आली तर आई शेजारणीला सांगते, 'काहीतरी कोर्स करते आयटीआयला.' 'पार्लरवाली' म्हणताना आवाज जरा खाली येतो. एका मुलीच्या लग्नाच्या बायोडेटात शिक्षणापुढे 'आयटीआय' एवढंच लिहिलं होतं, ट्रेड गाळला होता. आणि गंमत अशी, की त्याच घरात वरातीच्या दिवशी सगळ्यात जास्त वाट बघितली जाते ती पार्लरवालीची.

अमेरिकेत २०२० साली, मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉईडचा मृत्यू झाल्यावर, या दोन शिक्षणांची तुलना बरीच गाजली. तिथे केस कापायलाही सरकारी परवाना लागतो आणि त्यासाठी ठरावीक तास भरावे लागतात. कॅलिफोर्नियात तेव्हा कॉस्मेटॉलॉजीला १६०० तास होते (२०२२ पासून ते १००० वर आणले), आणि पोलिसाच्या मूळ प्रशिक्षणाची किमान मर्यादा ६६४ तास. हातात कात्री द्यायला जास्त वेळ आणि पिस्तूल द्यायला कमी, असं लोक म्हणू लागले. ही दोन्ही शिक्षणं तिथे अनेकदा एकाच कम्युनिटी कॉलेजच्या आवारात चालतात, त्यामुळे तुलना डोळ्यांसमोरच होती.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलींना फारसं आश्चर्य वाटलं नाही, आणि मलाही ते गणित इथे जसंच्या तसं लावावंसं वाटत नाही. आपल्याकडे शिपायाचं मूळ प्रशिक्षण कित्येक महिन्यांचं, निवासी. तास मोजायला बसलं तर पोलीसच पुढे जातील. उलट पार्लर उघडायला आपल्याकडे काम शिकल्याचा दाखलाच लागत नाही. दुकानाची नोंद करा, आरसा लावा, खुर्ची टाका. पंधरा दिवसांचा क्लास केलेली आणि आमच्याकडे वर्षभर घासलेली, दोघींच्या पाट्या शेजारी शेजारी लागतात आणि आयब्रोला दोघी ४० रुपयेच घेतात. म्हणून तासांपेक्षा मला दुसराच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायची मुभा समाजाने फार थोड्या धंद्यांना दिली आहे. डॉक्टर-नर्स सोडले तर पोलिसाला आणि पार्लरवालीला. ती मुभा वापरायला त्यांना कोण शिकवतं आणि कसं?

आमच्या ट्रेडच्या मॅडम नडगीपासून सुरुवात करतात. थ्रेडिंग शिकताना पहिलं गिऱ्हाईक म्हणजे स्वतःचा पाय. मुली सलवार गुडघ्यापर्यंत वर करून बाकावर बसतात, दोऱ्याला मधे पीळ देतात आणि बोटं उघड-मिट करतात. पहिले काही दिवस दोरा नुसताच केसांवरून सरकतो. मग केस अर्ध्यातून तुटायला लागतो. मग कधीतरी कातडी पिळात सापडते आणि वर्गातून 'आई गं!' ऐकू येतं. मॅडम त्याचीच वाट बघत असतात. म्हणतात, 'कळलं ना? आता हे लक्षात ठेवायचं आणि मग दुसऱ्याच्या डोळ्यावर जायचं.' दोऱ्याचं टोक दातात धरायची जुनी सवयही त्या मोडतात. टोक मानेला अडकवायचं. आपल्या तोंडातला दोरा दुसऱ्याच्या पापणीवर न्यायचा नाही.

वॅक्सचंही तसंच. लावायचं केसांच्या दिशेने, ओढायचं उलट, आणि ओढण्याआधी दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. हे कुणालाही आठवड्यात येतं. त्याआधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायचा, हे मात्र गर्दीच्या दिवशी सगळ्यात आधी विसरलं जातं. मॅडम त्याच दिवशी नेमक्या पाठीमागे येऊन उभ्या राहतात.

पण मला सगळ्यात अवघड वाटतो तो गिऱ्हाईक परत पाठवायचा धडा. केसांच्या काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून जी मिळते तिच्यातही ते सर्रास असतं, आणि बायका 'मेंदीच तर आहे' म्हणून बिनधास्त लावतात. काहींना ते इतकं बाधतं की कपाळ, पापण्या सुजून डोळे बंद होतात. म्हणून कानामागे थेंबभर लावून निदान एक दिवस थांबायचं. पुस्तकात ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात समोर बाई असते, तिच्या पुतण्याची हळद उद्या असते, ती पर्स उघडून बसलेली असते, आणि शेजारचं पार्लर एका तासात रंगवून द्यायला तयार असतं. तिथे 'आज नाही करणार' म्हणायला अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला काय लागतं, ते वॅक्स ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

प्रात्यक्षिकाला आलेल्या एका बाईंच्या कपाळावर बरोबर मधोमध पांढरा डाग होता. बाई घाबरलेल्या. घरात 'कोड' हा शब्द उच्चारून झालेला. त्यांना तो फाउंडेशनने झाकून हवा होता. हात लावायच्या आधी मुलीने डाग नीट बघितला, बाईंच्या टिकल्यांचं पाकीट मागितलं आणि टिकली डागाशेजारी धरली. आकार तोच. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काही जणींच्या कातडीचा रंग जातो, हे तिने थिअरीत वाचलं होतं. 'टिकली आजपासून बंद, आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, आम्ही काही लावणार नाही,' एवढं सांगून तिने बाईंना उठवलं. गल्ल्यात एक रुपया आला नाही. मॅडमनी त्या दिवशी तिला चहा पाजला. वार्षिक परीक्षेत याला गुण कुठे असतात, मला सापडलेलं नाही.

आमची एक माजी विद्यार्थिनी आता शिपाई आहे. सुट्टीला आली की वर्गात येऊन बसते, मुली तिच्याभोवती गोळा होतात. प्रशिक्षण केंद्रात पहिल्या आठवड्यात ती एकदम लोकप्रिय झाली ती धावण्यामुळे नव्हे, अंबाड्यामुळे. पहाटेच्या परेडला जाळीत घट्ट बसलेला अंबाडा लागतो, एक बट सुटली तरी बोलणी. ही पाच मिनिटांत एकेकीचं डोकं बांधून मोकळी करायची. खोलीबाहेर रांग लागायची म्हणे. पण तिने सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. तपासाच्या तासाला सरांनी विचारलं, घटनास्थळी पडलेला केस आणि झटापटीत उपटलेला केस यात फरक काय? सगळे गप्प. हिने हात वर केला. केस वाढीच्या अवस्थेत असताना उपटला तर मुळाशी पेशी चिकटून येतात, आयुष्य संपून आपोआप गळलेल्या केसाचं मूळ वाळलेलं, गाठीसारखं असतं. अॅनाजेन, कॅटाजेन, टेलोजेन, अशा केसाच्या तीन अवस्था. आमच्याकडे हे केसगळतीच्या धड्यात येतं, रोज शंभरेक केस गळले तरी घाबरू नका हे गिऱ्हाइकाला समजवायला. तिकडे हेच पुराव्याच्या धड्यात येतं, कारण मुळाच्या पेशी असल्या तर माणसाची नेमकी ओळख पटवणारा डीएनए मिळण्याची शक्यता खूप वाढते, नुसत्या दांड्यातून सहसा फक्त आईकडच्या वंशापर्यंत पोचता येतं. म्हणून तो केस पंचांसमोर कागदी पुडीत घालून सील करायचा, बोटांनी कुरवाळत बसायचं नाही. 'मॅडम, हातमोजे घाला हे मला तिथे कुणी सांगायलाच लागलं नाही,' असं ती म्हणाली आणि आमच्या ट्रेडच्या मॅडम अशा काही फुलल्या की विचारू नका.

हात कधी लावायचा नाही, हे पोलिसांच्या बाबतीत कायद्यातच लिहून ठेवावं लागलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ सांगतं की स्त्रीला अटक करताना पुरुष अधिकाऱ्याने तिच्या अंगाला हात लावायचा नाही; तोंडी सांगितलं की ती शरण आली असं धरायचं, परिस्थिती वेगळी असेल तेवढीच सूट. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी तिला अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. कलम ४९ म्हणतं, स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची, सभ्यतेची पुरती बूज राखून. ही कलमं नवी नाहीत, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून आलेली आहेत.

आणि अशा कायद्यांमागे आपल्याच महाराष्ट्राचा एक जुना डाग आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीस हवालदार आणि शिपाई होते. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने विरोध केला नसावा, असा एकूण तर्क. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा झाला, आणि अशा वेळी माझी संमती नव्हती असं बाई कोर्टात म्हणाली तर ते गृहीत धरायचं असं ठरलं.

मी हे 'संविधानिक मूल्ये' या धड्यात सांगते. भरतीला धावणाऱ्या मुली खाली मान घालून ऐकतात. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, 'कातडीवर काही दिसलं नाही म्हणजे काही झालंच नाही?' ती मुलगी त्या आठवड्यात जखमा आणि डाग ओळखायचा धडा शिकत होती.

हात न लावणं हा कधीकधी मोठा निर्णय असतो, आणि तो वर्दीवाल्यांनीच घ्यावा असं नाही. १८९० मध्ये मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. त्या काळात सुधारक लेख लिहीत होते, शास्त्री वाद घालत होते. पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवला. पाठीशी कुठलाही कायदा नव्हता, रोजचं उत्पन्न बुडणार होतं. आपल्या सुधारणेच्या इतिहासात ही सभा कोपऱ्यात का पडून राहते, मला नेहमी वाटतं. बहुधा सुधारक म्हटला की आपल्याला पागोटं आणि वर्तमानपत्र दिसतं, नाभिकाची धोकटी दिसत नाही, म्हणून.

यंदा मी माझ्या १२० तासांतला एक तास वेगळ्या कामाला लावला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १ जानेवारी २०१७ पासून केशकर्तन आणि सौंदर्य व्यवसायातल्या परवानाधारकांना एक तासाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, घरगुती आणि लैंगिक अत्याचाराच्या खुणा ओळखण्याचं. त्यांनी तक्रार केलीच पाहिजे अशी सक्ती नाही. फक्त दिसलं तर काय बोलायचं आणि कुणाचा नंबर द्यायचा, एवढंच. कुणाच्या डोक्यात हे आलं असेल त्याला पार्लर माहीत होतं. नवऱ्याने केस धरून ओढल्यावर टाळूवर जी जागा उघडी पडते ती डॉक्टरांच्या आधी आमच्या मुलींना दिसते. पाठीला वॅक्स लावताना, मान मागे टाकून केस धुताना, बांगड्या वर सरकवून मेंदी काढताना. बाईने ब्लाउजची बाही लांब शिवली असली तरी पार्लरमध्ये ती काढावीच लागते.

आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं चौथं कलम म्हणतं की असं काही घडतंय असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. 'कुणीही' यात पार्लरवालीही आली. मी फळ्यावर महिला हेल्पलाइनचा १८१ लिहिला, तातडीच्या मदतीचा ११२ लिहिला, आणि म्हटलं, आता सांगा, कसं विचाराल?

वर्ग एकदम जागा झाला. पाय पसरलेल्या सगळ्या सावरून बसल्या.

'हे काय झालं, असं विचारायचं नाही,' एकजण म्हणाली. 'ती म्हणणार, बाथरूममध्ये पडले.'

'इथे दुखतंय का, असं विचारायचं. दाबायचं नाही, बोट लांब ठेवून.'

'आणि ती हो म्हणाली तर?'

'तर वॅक्स त्या जागी लावायचंच नाही.' ही नेहमीची हुशार. 'का नाही लावत, असं तीच विचारेल. मग बोलणं निघतं.'

मग मागच्या बाकावरची तीच, जखमांच्या धड्यावाली, म्हणाली, 'मॅडम, पण नवरा बाहेर गाडीवर थांबलेला असतो. दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवतो. दुकान एवढंसं, पडद्याआड सगळं ऐकू जातं.'

यावर मला काही सुचलं नाही, त्यांना सुचलं. हेअर वॉशला घ्यायचं. बेसिन आतल्या खोलीत असतं, नळ सोडला की बाहेर काही ऐकू जात नाही, आणि केस ओले असताना बाईला कुणी ओढून नेत नाही. निदान वीस मिनिटं मिळतात. नंबर कागदावर द्यायचा नाही, घरी सापडतो. त्या बाईच्या फोनमध्ये 'फेशियल ताई' अशा नावाने सेव्ह करून द्यायचा.

सगळ्यांना पटलं. मग प्रश्न निघाला हेअर वॉशच्या पैशांचा. बाई आलेली असते आयब्रोला, ४० रुपये मोजून आणलेले असतात, वरचे शंभर-दीडशे कोण देणार? निम्म्या मुली म्हणाल्या फुकट करायचं. ट्रेडच्या मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, 'फुकट केलंत तर बाहेरचा म्हणेल, एवढी मेहेरबानी का? बिलात लावा, आणि ऑफर म्हणून वजा करा. पाटी आधीपासून लावलेली असू दे दुकानात.'

पाटीवर काय लिहायचं, यावर तास संपेपर्यंत वाद चालला होता.